आईच्या जागेवर दोन बाजार

२३ डिसें.
दुपारच्या गाडीने नागपूरहून नवेगावबांधला आले. शाळेला नाताळची सुट्टी, २ तारखेपर्यंत. आई दारात उभी होती. काही बोलायला तोंड उघडलं, आठवलं, मिटलं. हातातल्या पाटीवर लिहून दाखवलं: ‘वारली काउन?’ म्हणजे इतकी बारीक का झालीस. वारली नाही गं, वाळली. हसू आलं.

१९ ला गोंदियाला ऑपरेशन झालं. परीक्षा चालू होत्या, मी गेले नाही. स्वरयंत्रावरची गाठ काढली, तपासायला पाठवली. रिपोर्ट २९ ला. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

दिवाळीपासून फोनवर आवाज घोगरा येत होता. मी म्हणाले होते, सर्दी असेल, हळद-दूध घे. तेच डोक्यात फिरतंय. आणि तिचा तंबाखूचा खर्रा. वीस वर्षांचा.

बाबा ‘रिपोर्ट’ म्हणत नाहीत. ‘तो कागद’ म्हणतात.

उद्या बाजार. मागच्या बाजारला तपासण्यांमुळे जागा रिकामी राहिली. आणखी एक बाजार रिकामी राहिली की कोणीही येऊन बसतो. पाटीवर: ‘तू बस.’ मी म्हणाले, मी? तिने ‘तू’ खाली रेघ मारली.

२४ डिसें. बाजार
सकाळी बाबांनी वांगे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, लाखोरीची भाजी उतरवून दिली आणि शेतावर गेले. चिंचेखालची आईची जागा. तिथे एक स्वेटरवाला आधीच ताडपत्री पसरून बसलेला. सुट्ट्यांत तलाव बघायला गाड्या येतात, म्हणून बाहेरचे दुकानदारही येतात. मी म्हणाले, ही आमच्या आईची जागा आहे. तो म्हणाला, “नाम लिखा है क्या?” दहा वर्षं पोरांना गप्प बसवते वर्गात, इथे जीभच उचलेना.

बाजूला रुखमामावशी शिंगाडे घेऊन बसते. आईची बाजारातली शेजारीण, मी शाळेत असल्यापासूनची. ती शिंगाड्याच्या टोपलीमागून उठली. “लिवलं नाई तं का झालं? अठरा वर्ष बसून राहिली ते अठी. उचल तुयी ताडपत्री!” समोरचा मिरचीवाला उठला, मासळीवाल्या दोघी उठल्या. स्वेटरवाला बाजाराच्या टोकाच्या वडापर्यंत सरकला.

जागा मिळाली, पण ओरडता येईना. आईची हाक तलावाच्या पाळीपर्यंत जायची. मी “मेथी घ्या” म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही. मावशी म्हणाली, “देवळात बसली का पोरी?” मग स्वतःच ओरडायला लागली. शिंगाड्यांची हाकही तिचीच, मेथीचीही तिचीच.

दुपारी माझ्या नागपूरच्या वर्गातला, तलाव बघायला आलेला एक मुलगा आईवडिलांसोबत समोर. “मिस, तुम्ही?” मी मेथीच्या जुड्या सारख्या केल्या. मग म्हणाले, आईची जागा आहे, ती आजारी आहे. त्याची आई खाली बसली, म्हणाली चांगली वांगी निवडून द्या. मी निवडली. मावशीने पिशवीतली तीन काढून फेकली. “मॅडम हायेस नं? कीड दिसत नाई?”

निघताना मावशीने विचारलं, “कागद कधी?” म्हटलं, २९. ती शिंगाडे झाकायला लागली. ती गप्प झाली याचीच जास्त भीती वाटली.

२५ डिसें.
आई दिवसभर पाटीवर भांडते. ‘मेथीवर पानी मार.’ ‘भाजी अळणी.’ पुसते कोपराने. भांडतेय तोवर बरं.

२७ डिसें.
थंडी फार. आई चुलीजवळ. मी म्हणाले, दिवाळीत मी लक्ष द्यायला हवं होतं. तिने पाटी घेतली. मग: ‘माले माईत होतं. मीच सांगतलं नाई.’ माझं वाचून होताच पुसलं. म्हणजे तिला किती दिवसांपासून…

२९ डिसें. गोंदिया
आधी हे लिहिते: गाठ साधी आहे. साधी. कॅन्सर नाही.

तिघं बसने गेलो. दवाखान्यात दीड तास. बाबा खिडकीबाहेर बघत उभे, बसायला तयार नाहीत. डॉ.नी लिफाफा उघडला, वाचलं, आणि आधी आईकडे बघितलं, आमच्याकडे नाही. म्हणूनच मला तो माणूस आवडला. “बाई, काळजीचं काही नाही.”

बाबा म्हणाले, “साधी म्हणजे साधीच नं?” डॉ. हो म्हणाले. जिन्यात मला पुन्हा तेच विचारलं. रिक्षात रिक्षावाल्याला सांगून टाकलं, “साधी निंगाली.” त्याला काय कळणार. तो म्हणाला, “अच्छा हुआ, काका.”

खर्रा कायमचा बंद. आईने पाटी पुढे केली: ‘मंग का खाऊ?’ डॉ. हसले. “शिंगाडे खा, सीझन आहे.”

आवाजाचं मात्र डॉ. सांभाळून बोलले. बोलणं येईल. पहिल्यासारखी हाक येईल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. तेव्हा मी ते नीट ऐकलंही नाही. ऐकायचंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये आई माझ्या खांद्यावर झोपली. तोंड उघडं टाकून, घोरत. गावापर्यंत मी खांदा हलवला नाही.

३१ डिसें. बाजार
सांगायची गरज पडली नाही, बाबांकडून सकाळीच कळलेलं होतं. मिरचीवाल्याने लांबूनच हात वर केला. रुखमामावशी रडली, आणि रडता रडता मलाच झापलं, “फोन नाई करता येत? दोन दिस जेवण गेलं नाई माह्या घशाखाली!” चुकलंच माझं. सगळं आमच्याच घरात घडतंय असं वाटत होतं.

आई दुपारी आली, मफलर गुंडाळून, न सांगता. माझ्यामागे पोत्यावर बसली. बायका येऊन तिच्या गळ्याला हात लावून जात होत्या. ती नुसती मान हलवत होती. गिऱ्हाईक आलं की पाठीत बोट खुपसायची: डावीकडची जुडी दे, ती नको, ही.

आज मी ओरडले. चार-पाच वेळा. फार काही नाही, वडापर्यंत गेला असेल आवाज. मावशी म्हणाली, “हं.”

२ जाने.
नागपूर. निघताना आईला म्हटलं, चल माझ्याकडे महिनाभर. पाटीवर: ‘बाजार कोन करन?’ बाबा म्हणाले, मी बसतो. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की तिघंही हसलो. तीही, आवाज न करता.

५ जाने.
बाबांचा फोन. आज डॉ.ना पुन्हा दाखवलं. हळू बोलायला परवानगी, दिवसाला थोडंच. म्हटलं, द्या तिला. म्हणाले, “नाई म्हणते. लाजून राहिली.” कशाला लाजायचं? रागावले. मग वाटलं, तिलाच तो आवाज अजून ओळखीचा नसेल.

७ जाने.
मधल्या सुट्टीत मावशीच्या नंबरवरून फोन. मागे बाजार गजबजलेला. “घे, बोल मायशी.” मग एक बारीक, खरखरीत आवाज. कोण ते मला क्षणभर कळलंच नाही.

“शालू. सारे तुह्याबद्दल विचारून राहिले. मॅडम कधी येते म्हन्ते.”

मी म्हटलं, आई, जास्त बोलू नकोस. ती म्हणाली, “बरं.” तेवढंच.

तिने फोन बंद केला नाही. बंद करता येत नाही तिला. मांडीवर ठेवला असणार. मी स्टाफरूमच्या खिडकीशी उभी राहून ऐकत होते. तराजूचा आवाज, कोणाचं तरी पोर, मावशी दोघींचं ओरडतेय. मग मधेच, अगदी जवळून, कोणीतरी “मेथी” म्हणालं. हळू. परत एकदा, थोडं मोठ्यानं. आई होती की दुसरं कोणी, कान देऊन ऐकत होते, तोच घंटा झाली.