‘पिट अगेन्स्ट’चं खरं वाक्य

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली आणि गेला आठवडाभर मी तुमच्यावर वैतागलो आहे. सकाळी देवाजवळ दिवा लावून बसतो तेव्हाही डोक्यात तुम्हीच. ज्या वेळेला मन जरा निवांत व्हावं, त्या वेळेला मी तुमच्याशी भांडत असतो. कारण तुमची एक सवय मी गावाहून इथं फरीदाबादपर्यंत घेऊन आलो, इतकी वर्षं जपली, आणि तीच आता माझ्या घरात माझ्यावर उलटली आहे.

तुम्हाला आठवत असेल, इंग्रजीच्या तासाला कुणी ‘राम इज अ गुड बॉय’ लिहिलं की तुम्ही वही परत ढकलायचात. कोण राम? कुठल्या वाडीचा? त्यानं काय चांगलं केलं, ते तू पाहिलंस का? नुसतं व्याकरण बरोबर असून तुमचं भागायचं नाही, वाक्य खरं असावं लागायचं. आणि दुसरा नियम त्याहून अवघड. वाक्य ज्याच्याविषयी असेल त्यानंच उभं राहून ते वर्गाला वाचून दाखवायचं. आम्ही सगळे या नियमाला टरकून होतो, आणि म्हणूनच आमचं इंग्रजी सुधारलं असावं. एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलीनं ‘लुक डाउन ऑन’ वापरून लिहिलं, की अनवाणी येणाऱ्या मुलांकडे सर तुच्छतेनं बघतात. तुम्ही खुर्चीवरून उठता, तिची वही हातात घेता, खणखणीत आवाजात ते वाक्य वाचता. तुमचे कान लाल झालेले आहेत. मग वाक्याखाली बरोबरची खूण करता आणि म्हणता, “पुढचं कोण?” मला तेव्हा वाटलं होतं, माणसानं असं असावं. आता वाटतं, तुम्हाला बरं होतं. तुम्हाला त्या मुलीबरोबर घरी जेवायला बसायचं नव्हतं.

माझी मुलगी यंदा बारावी झाली. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचा एक पेपर असतो, म्हणून ऑफिसला जाण्याआधी तासभर मी तिला घेऊन बसतो. जुलैत ती हॉस्टेलला जाईल. आमच्या दोघांमध्ये एवढाच एक तास उरलेला आहे; एरवी तिच्या कानात काहीतरी घातलेलं असतं आणि माझ्या हातात कारखान्याचे फोन. त्या दिवशी ‘पिट अगेन्स्ट’ आलं, म्हणजे एकाला दुसऱ्याशी झुंजवणं. तुम्ही हे शिकवताना म्हणायचात की झुंज कोंबड्यांची दिसते, पण हे क्रियापद कोंबड्यांचं नाही. त्यांना रिंगणात समोरासमोर सोडणारा जो तिसरा माणूस असतो, त्याचं आहे. मी तेच सांगायला गेलो तर तिनं विचारलं, झुंज म्हणजे काय. दिल्लीकडं वाढलेल्या मुलांचे असे शब्द गळतात. शेवटी हिंदीत मुर्गे लडाना म्हटलं, तेव्हा “अच्छा, तसं” म्हणाली आणि लिहायला लागली.

पहिलं वाक्य क्रिकेटचं होतं. निवड समितीनं अमक्याला तमक्याच्या विरुद्ध उभं केलं, वगैरे. व्याकरणात चूक नव्हती. मी कागद परत ढकलला. तू पाहिलंस का हे? खरं लिही. दुसरं वाक्य कुठल्यातरी गाइडमधलं होतं, तेही परत केलं. माझ्या आवाजात तुमचा आवाज आला होता आणि मला तो आवडत होता, हेही खरं. आमच्यात गुरूचं देणं मानतात; मला वाटलं, मी ते फेडतोय. तिनं मान खाली घातली, एका दमात लिहिलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला. माय फादर पिट्स मी अगेन्स्ट द बॉय ही यूज्ड टू बी. म्हणजे बाबा माझी झुंज लावतात ती ते स्वतः लहानपणी जो मुलगा होते त्याच्याशी.

मी चष्मा पुसला. मग मी काय केलं असेल तर चूक शोधली. काळ, कर्ता, शब्दयोगी, सगळं तपासलं. एखादं अक्षर जरी चुकलं असतं तरी मी सुटलो असतो. मी तिला म्हटलं की हे अतिशयोक्त आहे. त्यावर ती जे बोलली ते मला अजून ऐकू येतं. “कसलं अतिशयोक्त, बाबा? तो मुलगा रोज सायकल मारत शाळेत जायचा. कंदिलावर अभ्यास करायचा. त्याला कधी कंटाळा नाही आला, कधी डेंग्यू नाही झाला, मोबाइल तर नव्हताच. त्याच्याशी कोण जिंकणार, यार? आणि त्याच्याकडे निदान हवा तरी होती. आमची शाळा दर दिवाळीनंतर धुरानं बंद.” स्वयंपाकघरात पोहे परतत असलेली माझी बायको हसली नाही, पण तिचा हात थांबला. मुलीला नियम ठाऊक होता, तुमची गोष्ट मीच तिला दहा वेळा सांगितलेली. तिनं कागद माझ्या हातात दिला. उभं राहून वाचा, म्हणाली, मग मी पुढचं लिहिते.

मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून उठलो. दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी आली नाही. तिसऱ्याही नाही. जेवताना नीट बोलायची, मीठ पुढं करायची, पण तासाला बसायची नाही. मी विचारलं की ती एवढंच म्हणायची, आधी वाचा. बायको म्हणाली, “वाचा ना. साहेबांपुढे आकडे वाचता तेव्हा आवाज बरा लागतो तुमचा.” मला राग आला, सर, आणि तो सगळा तुमच्यावर निघाला. तुम्ही आम्हाला खरं लिहायला शिकवलंत, पण खरं ऐकून घेतल्यावर माणसानं घरात कसं वावरायचं, याचा एकही तास घेतला नाहीत. आणि एक विचारू का? शाळेत सहामाहीच्या वेळी माझी झुंज ‘लुक डाउन ऑन’ लिहिणाऱ्या त्याच मुलीशी कुणी लावली होती? पहिला नंबर तिचा की तुझा, असं दर सोमवारी फळ्यासमोर कोण विचारायचं?

आज सकाळी देवापुढे हात जोडले तेव्हा मी आवाज फुटू दे एवढंच मागितलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि वाचलं. एकच ओळ, पण ‘बॉय’पाशी अडखळलो. पुन्हा पहिल्यापासून वाचली. बायकोनं गॅस बारीक केला. मुलगी खोलीतून बाहेर आली, तिची खुर्ची ओढली आणि बसली. मला तिला शाबासकी द्यायची होती. मी म्हटलं, “वाक्य उत्तम आहे. तुझ्या वयात मला असं जमलं नसतं.”

बोललो आणि कळलं. तिनं पेन खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूहळू हसायला लागली. “बाबा, परत? चलो, एकदा तरी तो हरला.”

मग आम्ही पुढचं क्रियापद घेतलं. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं, कारण इथं एक गोष्ट लिहायची आहे जी तुम्ही मला उभं राहून वाचायला लावली असती. ती जिंकली याचा मला फार आनंद झाला. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटली.