कोंबडी जागेवर आहे का

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आज थुई दिसली — माझ्या जुन्या कंपनीच्या जाहिरातीच्या व्हिडिओत! हातात स्वस्तातल्या डेस्कटॉपची नवी चिप. कागदाकडे बघत म्हणाली, "रचना पूर्णपणे नवी." सहा वर्षं माझ्या शेजारी बसून चिपचे नकाशे काढायला शिकली ही पोरगी. आता केस पिकलेत तिचे. छान बोलली. तरी कॉफी गार होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

नवी म्हणजे माझी रचना गेली. तिच्याबरोबर माझी कोंबडीही.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

ऑर्विल अंडी न्यायला आला. कंपनीत वीस वर्षं चिप तपासत होता. निवृत्त झाला तरी गॅरेजात सूक्ष्मदर्शक आहेच. थुईचं सांगितलं तर हसत सुटला.

"लोर्ना, स्वस्तातल्या चिपसाठी कोण नवं काढतंय? तुझाच जुना नकाशा, नाव तेवढं बदललं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"थुई खोटं बोलणार नाही."

"लागली पैज! हेझलनटचा केक."

आम्हा नकाशे काढणाऱ्यांत रीतच होती. नकाशा पुरा झाला की रिकाम्या कोपऱ्यात एक चित्र सोडायचं, केसाहून बारीक. साहेब लोक बघून न बघितल्यासारखं करायचे. माझ्या शेवटच्या चिपमध्ये मी परसातली गर्टी कोंबडी काढली. त्या दिवशी थुईनंही कागदावर एक काढली — पायाला दोनच बोटं! म्हटलं, "अगं, ही कोंबडी की शेळी?" तर म्हणते, "माझ्या कोंबड्या अशाच." किती हसलो होतो.

रविवार, ८ ऑक्टोबर

बारा अंडी. छान ऊन. हेझलनट वाळत घातले. माझं बरं चाललंय, हे लिहायला लाज कशाला!

पण कोंबडी नसली तर माझं काम गेलं, आणि असली तर थुई खोटी. पैज कुणीही जिंको, नुकसान माझंच. तिला सरळ विचारावं का? मी निवृत्त झाल्यापासून तिनं एकदाही फोन केला नाही. मीही नाही केला. वाईट वाटतं, दुसरं काय.

सोमवार, ९ ऑक्टोबर

मागवलेली नवी चिप आली. आतला नकाशा दिसावा म्हणून ऑर्विलनं वरून घासायला घेतली. म्हणतो, घाई करू नकोस.

शनिवार, १४ ऑक्टोबर

कोंबडी जागेवर आहे!

ऑर्विल म्हणाला, "अर्धा नकाशा तुझा, अर्धा नवा. केकही अर्धा अर्धा." मग पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "लोर्ना, हे दुसरं कोण?"

मी पाहिलं. गर्टीच्या पंखाखाली एक पिल्लू आहे. मी काढलेलं नाही.

पायाला दोनच बोटं आहेत.