गुंडो खरवंडीकर यांच्या हयातीचा दाखला

वेलचेरी, चेन्नई
१८ नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप अरुणदादास,

विद्युलतेचा वाकून नमस्कार. (तुझा गुडघा वाकत नाही असं कळलं, म्हणून दोघांच्या वाट्याचं मीच वाकते.) जयवंतीवहिनी लावतात त्या लेपाचा वास तुझ्या पत्रालाही येत होता, त्यावरून औषध जोरकस असावं. आम्ही सगळे बरे आहोत. गेल्या आठवड्यात तळमजल्यावर घोटाभर पाणी आलं होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे आमच्याकडे पाणी आलं नाही, तळमजल्यावरची माणसं आली. दोन दिवस घरात अकराजण होते आणि मला फार बरं वाटलं, हे मात्र इकडे कुणाला सांगितलेलं नाही. हे रेल्वेत आणि ऊर्मी तिच्या सिरुसेरीच्या कंपनीत, दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात. त्यानंतर घरात मराठी बोलणारी मी एकटीच उरते, आणि एकटीनं बोललेलं मराठी मोजायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पत्र पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे, त्याचा राग मानू नकोस. ऊर्मीच्या कंपनीत एका बाजूला छापून फुकट गेलेले कागद ढिगानं निघतात, ते ती मला आणून देते. अण्णांनी आपल्याला पाकिटांच्या आतल्या बाजूवर गणितं करायला लावली, तेव्हापासून कोरी बाजू वाया जाताना पाहिली की मला झोप येत नाही. मागच्या बाजूला इंग्रजीत काहीबाही आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आता तुझा प्रश्न. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांनी यंदा आजच्या लेखकाचं नवं नाटक करायचं ठरवलं आहे, तर एखादं सुचव, असं तू लिहिलंस. दादा, तू चुकीच्या वेळी अगदी योग्य माणसाला विचारलंस. हेच काम आमच्या मंडळानं मला जुलैत दिलं, आणि ते अजून माझ्या मानेवरून उतरलेलं नाही. आमचं मंडळ म्हणजे वेलचेरीतली चाळीस-एक मराठी घरं, संक्रांतीला एक संमेलन, आणि संमेलनात एक नाटक. कार्यवाह वसंतराव. केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. मला त्यांनी लेखी कळवलं की ‘समकालीन नाटककारांची चार नवी नाटके शिफारशीसह सादर करावीत’. समकालीन म्हणजे नेमकं कोण, असं मी विचारलं. ते म्हणाले, “हयात.”

हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. गेल्या संक्रांतीला आम्ही एक जुनं विनोदी नाटक केलं. पत्रकात नाटककाराच्या नावामागे ‘कै.’ छापलं (छापायच्या आधी कुणी चौकशी केली नाही, कारण नाटक इतकं जुनं होतं की प्रत्येकाला खात्री होती) आणि पडदा उघडण्यापूर्वी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. नाटककार तिसऱ्या रांगेत होते. सिरुसेरीला मुलाकडे आले होते, मुलगा नाटकाला घेऊन आला. बिचारे सभ्यपणे उभे राहिले, स्वतःसाठी दोन मिनिटं शांत राहिले, पहिला अंक पाहिला, आणि मध्यंतरात आत येऊन म्हणाले, “चहा मिळेल का? मी तो, ज्याच्यासाठी आत्ता उभे होतात.” वसंतरावांना ते इतकं लागलं की दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक फॉर्म तयार केला. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी ते स्वतः हयातीचा दाखला देतात, त्याच्याच धर्तीवर ‘नाटककार हयात असल्याचा दाखला’. नाव, पत्ता, शरीरावरील ओळखीच्या दोन खुणा, सही आणि एका साक्षीदाराची सही. याशिवाय यापुढे नाटक बसवायचं नाही, असा ठराव झाला.

मी पुण्याहून, नागपूरहून हस्तलिखितं मागवली. खरं सांगू, नवी नाटकं वाचताना मला पहिली वीस पानं राग येतो. माणसं वाक्य पुरं करत नाहीत. मध्येच थांबतात, दुसऱ्याच कशावर तरी बोलतात. मग एकदा स्वयंपाकघरात उभी राहून मी आमच्या घरातलं बोलणं नीट ऐकलं, तर आमच्याकडेही कुणी वाक्य पुरं करत नव्हतं. त्या दिवसापासून राग गेला आणि नाटकं कळायला लागली.

पहिलं सुचवलं ते नागपूरच्या एका मुलीचं. आई गेल्यावर दोन बहिणी तिच्या साड्या वाटून घेतात, एवढंच. तिसऱ्या साडीला मी रडले. समितीनं ते नापास केलं, कारण पात्रं दोनच. आमच्याकडे नाटकात निदान अकरा पात्रं लागतात, नाहीतर उरलेली घरं तिळगूळ घेतात पण गोड बोलत नाहीत. दुसरं कोल्हापूरच्या एका तरुणाचं. त्यात रंगमंचावर बारा मिनिटं पूर्ण अंधार असतो आणि फक्त माणसांचे आवाज येतात. वसंतराव म्हणाले की चेन्नईत बारा मिनिटं अंधार झाला तर लोक वीज गेली समजून गाड्या काढतात. तिसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ पहिल्या अंकाच्या शेवटी घर सोडून जातात ते परत येत नाहीत. या भूमिकेसाठी सातजण पुढे आले (पहिल्या अंकानंतर मोकळं, म्हणजे उपम्याच्या रांगेत पहिला नंबर) आणि भांडण मिटेना म्हणून नाटकच बाद झालं. तिन्ही चांगली आहेत, दादा. तुझ्या शाळेसाठी पहिलं घे. दोन शिक्षिका आणि पंधरा साड्या मिळाल्या की झालं.

चौथं नाटक ‘आतल्या खोलीतून’. मिरजेचे कुणी गुंडो खरवंडीकर. नाव ऐकलेलं नाहीस ना? ऐकलेलं नसणारच, कारण गुंडो खरवंडीकर मीच आहे.

आता रागावण्याआधी ऐकून घे. मंडळात माझं कौतुक नेहमी होतं, वाचन होत नाही. मागे एकदा कोजागिरीला मी कथा वाचली, टाळ्या भरपूर पडल्या, आणि खाली उतरल्यावर चार बायकांनी मला मसाला दुधाचं प्रमाण विचारलं. कुणाचं वाईट नव्हतं मनात. पण वीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाला एकदा तरी कळायला नको का, की लिहिलेलं बरं आहे की लिहिणारी शेजारीण आहे म्हणून बरं आहे? म्हणून मी नाव बदललं. आपल्या आळीतल्या गुंडोपंतांचं नाव घेतलं (ते गेले, तेव्हा हरकत घेणार नाहीत) आणि शिफारशीत लिहिलं, ‘होतकरू, परंतु वयस्क’. नाटक असं आहे, पहिला अंकभर एक बाई आतून बोलत असते, दिसत नाही. बाहेरचे ‘हो हो’ म्हणत आपापलं चालू ठेवतात. दुसऱ्या अंकात आतला आवाज थांबतो, आणि बराच वेळ कुणाच्या लक्षातच येत नाही. (अकरा पात्रांची अट ठाऊक असल्यामुळे मधे एक हळदीकुंकू घातलं आहे.)

वाचन आमच्याच घरी झालं. वसंतरावांनी वाचलं. चार पानं वाचून झाल्यावर त्यांनी एक कागद उलटा केला, मागची बाजू बराच वेळ पाहिली, चष्मा पुसला आणि पुढे वाचायला लागले. (पान क्रमांक शोधत असावेत. मी घालायला विसरले होते.) मी स्वयंपाकघरात होते. स्वतःची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे आपण वारल्यावर घरात काय बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. वाचन संपलं. मग चंद्रमौळीतात्या बोलले. हे तंजावरचे मराठी, घराणं तिकडे तीनशे वर्षांचं, बोलणं आपल्या पणजोबांच्या काळातलं. ते म्हणाले, “परवाइल्लै.” तामिळमध्ये याचा अर्थ हरकत नाही, चालेल, वाईट नाही; आणि तात्यांसारख्या माणसाच्या तोंडून हाच शब्द नुसता श्वास टाकून आला तर त्याहून मोठं काही नसतं. पुढे म्हणाले, “लिहिणार जो कोण आहे, त्याच्या हांकेला घरांत कोणी ओ देत नाहींत, असें दिसतें.”

आमचे हे काय म्हणाले तेही सांगते. जेवताना गंभीर होऊन म्हणाले, “या गुंडोच्या बायकोचं मला वाईट वाटतं. तिचं घरात कुणी ऐकत नसणार.” मी म्हटलं, असेल. मग म्हणाले, “चटणी आण ना जरा.” मी आतून दोनदा विचारलं, कुठली, नारळाची की कारळ्याची? उत्तर आलं, “हो हो.” मी दोन्ही नेल्या.

आणि ऊर्मी. तुझी भाची बाविसाव्या वर्षी मराठी बोलते ती पाहुण्यांशी बोलल्यासारखी, नेमकं आणि थोडक्यात. शाळेत तामिळ घेतलं, त्यामुळे देवनागरी वाचता यायची नाही. त्या दिवशी कानात गाणी घालून कोपऱ्यात बसली होती. आतल्या बाईचा आवाज कोण देणार असा प्रश्न निघाला, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या (दिसायचंच नाही तर नवी साडी कशासाठी घ्यायची?), तेव्हा ती कानातल्या वायरी काढून म्हणाली, “मी करते ते.” मी हातातली बशी सांभाळून खाली ठेवली. आधी तिनं संवाद रोमन लिपीत उतरवून घेतले, पण ते तिला प्रोग्राममधल्या चुकीसारखे दिसायला लागले. मग दर रविवारी तात्यांकडे जाऊन अक्षरं शिकली. हल्ली संध्याकाळी ती तिच्या खोलीत माझी वाक्यं म्हणते आणि मी बाहेर बसून ऐकते. परवा तिनं विचारलं, “हुरहुर म्हणजे काय?” सांगता सांगता अर्धा तास गेला. अर्धा तास, दादा. शेवटचं इतकं बोललो ते तिला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा. मग म्हणाली, “या गुंडोकाकांना एक पत्र लिहावं म्हणते. ते जिवंत आहेत ना?”

मला भीती याची वाटते, की हे माझं आहे असं कळलं तर ती ते आईचं काम म्हणून करेल. औषध आणून देते तसं, वेळेवर, प्रेमानं आणि दारातून. आत्ता ती माझी वाक्यं म्हणते, कारण ती तिला आवडली आहेत. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याशी काही बोलले आणि तिला ते ऐकावंसं वाटलं, आणि नेमकं त्या वेळी बोलणारी मी नाही. हे सुख आहे की कसं, ते लेखिकेला कळायला हवं. मला कळत नाही.

असो. नाटकांचं विचारलंस त्यात माझंच सांगत बसले. नव्या लेखकांना संधी द्या. ते जिवंत असतात, त्यांना बरं वाटतं. वहिनींना नमस्कार. गुडघ्यावर जिने चढू नकोस.

तुझी,
विद्युलता

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. वसंतरावांनी तो माझ्याच हातात दिला, म्हणाले, तुमचं माहेर तिकडचं, तुम्हीच पाठवा. तीस तारखेच्या आत तो सहीनिशी परत आला नाही, तर ‘आतल्या खोलीतून’ रद्द आणि पुन्हा गेल्या वर्षीचंच नाटक. नाटककाराचा पत्ता म्हणून मी तुझा दिला आहे. सातवीत माझ्या प्रगतिपुस्तकावर तू अण्णांची सही केली होतीस ती अण्णांनाही स्वतःचीच वाटली, तेव्हा गुंडोची तुला जड जाऊ नये. ओळखीच्या खुणा तुझ्याच लिही, उजव्या भुवईवरचा व्रण चांगला ठसठशीत आहे. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं असं मात्र समजू नकोस.

ता. क. दोन. एवढ्यासाठीच लिहिलं. पण सही करताना तुझा हात थांबला, तर नको करूस. मी समजेन.

ता. क. तीन. इथल्या दमट हवेत पाकिटांचा डिंक नुसता ठेवल्या ठेवल्या चिकटून बसतो. वाफेवर उघडून, भाताच्या शितांनी बंद करून ऊर्मीकडे टपालात टाकायला दिलं आहे. पाकीट विचित्र दिसलं तर काळजी करू नकोस.

अरुणमामा,

मी ऊर्मी लिहिते. मी मराठीत लिहिलेलं हे पहिलं पत्र आहे. चुका असतील तर चंद्रमौळीतात्यांना बोल, त्यांनी शिकवलं.

भात चिकटला नव्हता. मी वाचलं. सॉरी. पूर्ण वाचायला एक तास लागला, शेअर ऑटोत उभं राहून वाचता येत नाही म्हणून मी दोन ऑटो सोडले.

आईचं नाटक ज्या कागदांवर आहे, त्याच्या मागे माझ्या प्रोजेक्टचं नाव आणि माझं नाव छापलेलं आहे. प्रत्येक पानावर. वसंतआजोबांनी वाचनाच्या दिवशी चौथ्या पानावर ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी गाणी तेव्हाच बंद केली, वायरी कानातच ठेवल्या. नंतर त्यांनी पानं सगळ्यांकडे फिरवली, फक्त कुणी बोललं नाही. बाबांना माहीत नाही. ते मागची बाजू बघत नाहीत.

वसंतआजोबा म्हणाले, फॉर्म आईच्याच हातात द्यायचा, दाखला समक्ष द्यावा लागतो. ती त्यात स्वतःचं नाव लिहीलच कधीतरी. मला वाटतं ती नाही लिहिणार. म्हणून फॉर्म मी पाकिटातून काढून घेतला आहे. तू सही करू नकोस. मी त्यात आईचं नाव लिहिलं. ओळखीच्या खुणा दोन लिहिल्या, डाव्या मनगटावर कुकरचा डाग, आणि आतून बोलते.

साक्षीदाराची सही मी केली आहे. आज रात्री तिच्यासमोर ठेवणार आहे, तिच्या सहीची जागा रिकामी आहे.

तुझी,
ऊर्मी