चिंचेखालचं खोटं गवत

३ मार्च
फिजिओथेरपीची बाई आज परत बजावून गेली, ह्यांना खोलीबाहेर काढा. जसं काय मीच बाहेरून कडी लावून बसलेय. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दिवाळी गेली, संक्रांत गेली, माणूस व्हरांड्यापर्यंत येत नाही. उजवा हात लुळा, बोलणं एकेका शब्दाचं. "चहा." "लाईट." "नको." संपलं.
बाई म्हणते, आवडीचं काहीतरी द्या. आवड कसली, तर गोल्फ! रांजणगावच्या कंपनीतल्या कोरियन साहेबानं रविवारी सोबत नेऊन नेऊन लावलेली. ती चेंडू ढकलायची काठी, पटर, कपाटामागं होती. दिली. डाव्या हातात धरली ती जेवायला वाढेपर्यंत सोडली नाही.
ठरवलं. परसात छोटं ग्रीन, म्हणजे भोकात चेंडू ढकलायची हिरवळ, करून घ्यायचं, खोट्या गवताचं. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.

७ मार्च
खोटं गवत बसवणारा दौंडचा टर्फवाला जागा बघून गेला. नाक मुरडलं. पुढं ट्रॅक्टर आणि कांद्याची चाळ, म्हणून उरली चिंचेखालची जागा. ऊन नावाला नाही, माती काळी, चिकण.
"ताई, ही माती पाण्यानं फुगती आन् उन्हात भेगाळती. फूटभर उकरून काढू, मुरूम, खडी, वर क्रश सँड. पाणी खाली गेलं पायजे."
बरं म्हटलं.
सासरे, आबा, खुर्चीवरून: "खरं गवत उपटण्यात माझा जलम गेला, आन् आता सूनबाई खोटं लावाया निघाल्या."
हे खिडकीतून ऐकत होते. हसले का? सांगता येत नाही.

१२ मार्च
खड्डा झाला. फावड्याला माती अशी चिकटते की कामगार वैतागले. "मैडम, ये तो छोड़ती ही नहीं." मुरूम आज येणार होता. उद्या म्हणे. उद्या म्हणजे कधी, ते देवालाच ठाऊक.

१६ मार्च
माहेरी कवठे येमाईला जाऊन आले, भाच्याचा साखरपुडा. एक मुक्काम फक्त. परत येते तर परसात खळं!
मुरूम आलाच नाही. मग आबांनी कामगारांना हाताशी धरून तीच माती खड्ड्यात लोटली, पाणी मारलं, धुमसानं ठोकून घेतली, वरून शेणकाला. मळणीला करायचे तस्सं. मशीन आल्यापासून ह्या घरात खळं कुणी केलेलं नाही. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, चेहऱ्यावर नुसता आनंद.
"बघा, तळहातावानी झालंय. जिथं दाणा हरवायचा न्हाई, तिथं चेंडू कुठं जातोय?"
मी रागानं तोंड उघडणार, तर मागच्या दारात हे उभे! भिंतीला धरून, आबांचं खळं बघायला आलेले.
आबांना हात धुवायला पाणी आणून दिलं.

१८ मार्च
टर्फवाला बघूनच भडकला. "ह्यातनं पाणी जायचं न्हाई. मग मला बोल लावायचा न्हाई."
आबा: "तू कवा खळं केलंस का?"
अशी जुंपली की विचारू नका. हे दारात खुर्ची टाकून ऐकत बसलेले, जेवायची वेळ टळली तरी.
शेवटी मीच म्हटलं, टाका ह्याच्यावरच. आबांचं पडलेलं तोंड बघवलं नसतं. आणि खरं तर मलाच घाई झालीय. फार.

२१ मार्च
झालं. हिरवंगार, मध्ये भोक, भोकात झेंडी. म्हटलं, चला. "नको." संध्याकाळी परत म्हटलं. "नको." भांडण मिटलं तसे हे परत पलंगावर. कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं, कुणाचं ते लिहीत नाही.

२९ मार्च
चिंचेचा पाला! इतका बारीक, की गवतात रुतला की निघत नाही. रोज खराटा. मी झाडते, आबा चिंचा वेचतात. ज्यांच्यासाठी मांडलं ते आत.

४ एप्रिल
शेजारच्या उसाला पाणी सोडलं आणि आमच्या परसात ओल फुटली. खालची माती फुगली, ग्रीनच्या मधोमध हे टेंगूळ. सावलीत वाळायचं नाव नाही. शेणाचा वास, आणि कडेनं चक्क कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. खोट्या गवतात तेवढंच खरं.
जेवताना आबा म्हणाले, "माझ्यामुळं झालं." मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. काहीतरी बोलायला हवं होतं.

८ एप्रिल
टर्फवाल्याला फोन केला. "सगळं उचकटावं लागंल. दिवस सांगा, येतो."
फोन ठेवते तर मागून ठक्. धावले. हे चिंचेखाली, अनवाणी! डाव्या हातानं चेंडू ढकलला. चेंडू टेंगळावर चढला, वळला, थेट धुण्याच्या दगडाखाली. दुसरा ढकलला. तेच. मग काठी भिरकावली आणि
"कुणी केलंय हे? अक्कल हाय का न्हाई कुणाला?"
सबंध वाक्य! एक नाही, दोन. कंपनीत क्वालिटीला होते, तिथं असेच खेकसायचे म्हणे.
आबा पुढं झाले. "म्या केलंय."
"मधी उंच हाय," हे म्हणाले. "उंच हाय, आबा." भिंत धरत धरत आत गेले. मी चेंडू काढायच्या निमित्तानं दगडापाशी बसून रडून घेतलं.

९ एप्रिल
ह्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. चहा आतच घेतला. टर्फवाल्याचा फोन वाजतोय, मी उचलत नाही.
आबा म्हणतात, "बोलवा त्याला. नीट करून घेऊ. म्या आता मधी पडत न्हाई."
बरोबरच आहे त्यांचं. बोलवायलाच पाहिजे. पण सगळं नीट झालं, तर हे बाहेर येऊन खेकसणार कुणावर?