मेण न उतरवलेली सोळा कापडे

मी, मिंतार्सिह, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, दिवंगत कार्सोनो यांची पत्नी, धंदा बाटिकच्या कापडावर मेणाने नक्षी काढणे, राहणार लासेम, उत्तर जावा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी काही पाजलेले नाही; चहा मी माझा मीच केला आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. पुढच्या आठवड्यात सेमारांगच्या इस्पितळात ते उघडून दुरुस्त करणार आहेत आणि डॉक्टरांनी तोवर उत्साह टाळायला सांगितले आहे. ते मला जमलेले नाही. या गुरुवारी अंधशाळेची चाळीस मुले आमच्या रस्त्याकडच्या खोलीत येणार आहेत, आणि मी बनवलेले नवे मेण पहिल्यांदाच एवढ्या हातांखाली जाणार आहे. अशा आठवड्यात शांत बसायला सांगणाऱ्या डॉक्टरला मी काय म्हणावे?

नोटरीच्या कचेरीतल्या कारकुनाने मला छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर, जंगम आणि इतर असे तीन रकाने होते. माझे सगळे आयुष्य ‘इतर’मध्ये येत असल्यामुळे मी कोरा कागद घेतला.

कलम १. घर. माझा एकुलता एक मुलगा सुगेंग याला आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे घर, परसातली विहीर, आंब्याची दोन झाडे आणि बँकेतली शिल्लक मिळेल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. परंतु एक तृतीयांश मालमत्तेपुरती मरणाऱ्याची इच्छा चालते, याची मी मशिदीत जाऊन दोनदा खात्री करून घेतली आहे. ती एक तृतीयांश म्हणजे रस्त्याकडची खोली, तिच्यात टांगलेली सोळा कापडे आणि मेणकामाचे सगळे सामान. यावर सुगेंगचा हक्क नाही. बाळा, रागावू नकोस, पुढे वाच.

घर घेताना एक अट. दाराचा उंबरा मी चौदा वर्षांपूर्वी फोडून तिथे उतार केला, कारण शेजारचे पाक ताम्रिन चाकाच्या खुर्चीतून येत आणि रस्त्यावरूनच आत डोकावून परत जात. माझे यजमान तेव्हा हयात होते. ते म्हणाले, “उंबरा फोडलास, आता घरातली बरकत घरंगळत बाहेर जाईल बघ.”

“जाऊ दे की,” मी म्हणाले. “उतार आहे, वर पण येईल.”

दुसऱ्या दिवशी पाक ताम्रिन आत आले आणि दुपारपर्यंत हललेच नाहीत. यजमानांनीच त्यांना तीनदा कॉफी दिली. तो उंबरा पुन्हा बांधायचा नाही.

कलम २. सोळा कापडे. कारकून आमच्या गावचा नाही, म्हणून फोड करून लिहिते. आम्ही आधी गरम मेणाने कापडावर नक्षी काढतो, मग ते रंगात बुडवतो. मेण असते तिथे रंग चढत नाही. शेवटी कापड उकळत्या पाण्याच्या हंड्यात टाकून मेण उतरवतो. मेण उतरले की कापड पुरे झाले. तोवर त्याला आमच्याकडे कोणी कापड म्हणतच नाही. घरातले माणूस मेणातले काम मागे ठेवून गेले, तर आमच्या गल्लीत पोरेबाळे चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाआधी ती कापडे उकळून घेतात, म्हणजे गेलेल्याचे काही अडून राहत नाही. रीत चांगली आहे. मी माझ्या आईची पाच कापडे अशीच उकळली.

माझी सोळा कापडे उकळायची नाहीत. चाळिसाव्या दिवशी नाही, हजाराव्या दिवशी नाही, कधीच नाही. या सबंध मृत्युपत्रात मला काळजी आहे ती एवढ्या एकाच गोष्टीची.

सुगेंग वाईट मुलगा असता तर मला भीती नव्हती. वाईट मुलाने कापडे कोपऱ्यात टाकली असती. हा गुणी आहे. गेल्या ईदला आला तेव्हा खोलीभर फिरला आणि डोळे पुसत म्हणाला, “इबू, तू काळजी करू नकोस. एकही कापड मी अर्धवट ठेवणार नाही. लोक काय म्हणतील, पोरानं आईचं काम पुरं केलं नाही?”

“ती पुरी आहेत रे.”

“मेण आहे की अजून!”

“मेणच तर आहे.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू हृदयाआधी माझे डोकेच तपासून घ्यायला हवे. म्हणून बाळा, जे तुला तोंडी सांगताना माझी जीभ वळली नाही, ते इथे लिहिते.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही, चुकीचे आहे. माझी धाकटी बहीण पारिनेम. ती मला यू म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसे; मी तिला नेम म्हणते. गोवरात तिचे डोळे गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. आम्ही दोघी एका मोठ्या व्यापाऱ्याच्या वाडीत वाढलो, आई तिथे मेणकाम करायची. मालकीणबाई नेमला कापडांजवळ फिरकू देत नसत. “आंधळीला नक्षीतलं काय कळतंय? उगाच हात लावून घाण करेल.” या बाई आता हयात नाहीत. त्यांना मी माफ केलेले नाही, तशी नोंद व्हावी.

मी एकोणीस वर्षांची असताना पहिले कापड स्वतःच्या मनाने काढले. लांब शेपटीचा मोठा पक्षी, भोवती लाटा. ते मेणासकट दोरीवर टांगले होते. नेम चौदा वर्षांची. तिने चोरून हात फिरवला आणि ओरडली, “यू! हा पक्षी आहे! ही मान, ही चोच. आणि शेपटीत तिसरं पीस काढायला विसरलीस तू.”

मी मोजले. खरेच विसरले होते. वाडीतल्या डोळस बायांपैकी एकीच्याही लक्षात आले नव्हते.

मग रोज तेच. मालकीणबाई झोपल्या की नेम त्या कापडाजवळ जाऊन बसायची. बोटे लाटांवरून निघत, पक्ष्याला वळसा घालत, परत येत. ती हसायची, एकटीच. मला इतका आनंद झाला की मी ठरवले, हे कापड हिलाच द्यायचे. स्वतःच्या मजुरीतून मी ते मालकिणीकडून सोडवले. आणि बहिणीला चांगले द्यायचे म्हणून मी काय केले? लासेमचा तो लाल रंग दोनदा चढवला, हंड्यात टाकून मेणाचा कण न् कण काढला, धुतले, खळ घातली, इस्त्री केली, घडी करून तिच्या मांडीवर ठेवले.

तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. मग उलटे करून फिरवला.

“यू, पक्षी कुठं गेला?”

आमच्या कामात असली चूक फक्त आम्हीच करू शकतो. सगळ्या जगासाठी ज्या घडीला कापड पुरे झाले, त्या घडीला तिच्यासाठी ते कोरे झाले, आणि कोरे मी केले. नेमने पुन्हा कधी विचारले नाही. मी पुन्हा कधी तो पक्षी काढला नाही. याला एकोणसाठ वर्षे होतील.

सुगेंग, आता कळले ना हंड्याची भीती कशाची?

कलम ४. मेण. साध्या मेणाला शंभर हात लागले की भेगा पडतात, उन्हाळ्यात ते चिकटते. मी बत्तीस वर्षे मधमाशीचे मेण, राळ आणि चरबी यांची प्रमाणे बदलत बसले. दोनदा पदर जळला, एकदा भुवई. गेल्या महिन्यात जमले! टिकते, उठून लागते, हाताला येत नाही. मी अंगणात नाचले; डॉक्टरांना सांगू नये. प्रमाण दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावले आहे, डोळ्यांसाठी शाईने आणि बोटांसाठी ठिपक्यांच्या लिपीत. ते कोणाच्या मालकीचे नाही. ज्याला हवे त्याने उतरवून न्यावे, विचारू नये.

कलम ५. मेणाची नक्षी काढायच्या तांब्याच्या लेखण्या, एकूण अकरा, आणि मेण वितळवायची कढई पारिनेमला. होय, आंधळ्या बाईला. ती गेली वीस वर्षे मेणकाम करते. कापडामागे डावा तळहात धरायचा. वरून गरम मेणाची रेघ चालते तसतशी तिची ऊब तळव्यावर चालते. आम्ही सगळ्याच बाया तसा हात धरतो. आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही, की नुसत्या त्या उबेवरही रेघ काढता येते. नेमच्या आले. सोळातली सात कापडे तिच्या हातची आहेत, आणि लाटा तिच्या माझ्यापेक्षा बऱ्या. हे मी तोंडावर कधी कबूल केलेले नाही.

कलम ६. एक जुना हिशोब, पैशाचा नव्हे. मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात मी नेमला घेऊन गेले होते. तिने दोरीपलीकडे हात केला तर पहारेकऱ्याने काठीने बोटांवर टकटक केली. “आजी, वाचता येत नाही का? हात लावू नये असं लिहिलंय.”

नेम म्हणाली, “नाही येत बाबा. कुठं लिहिलंय ते दे इकडं, हात लावून वाचते.”

तो वरमला, पण हात काही लावू दिला नाही. त्या संग्रहालयाला मी सोळातले एक कापड, समुद्राचे, देऊन जाते. अट एवढीच, की ते काचेमागे न ठेवता लहान मुलाच्या आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या खाली टांगावे, आणि शेजारी पाटी लावावी: हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाटी मी करून ठेवली आहे. तो पहारेकरी अजून नोकरीत असेल तर ती त्यानेच ठोकावी.

कलम ७. राहिलेली पंधरा कापडे आणि खोली यांची देखभाल अंधशाळेच्या शिक्षिका बू हेर्मिन, म्हणजे हेर्मिनबाई, करतील. साठीच्या वयात नेमला ठिपक्यांची लिपी शिकवली ती यांनीच. खोली रोज उघडी असावी. ज्याच्या हातून मेणाला भेग पडेल त्याला रागवायचे नाही. त्याला लेखणी देऊन बसवायचे आणि भेग त्याच्याकडूनच भरून घ्यायची. आमच्या खोलीतले निम्मे कारागीर असेच तयार झाले आहेत.

कलम ८. मेण उतरवायचा तांब्याचा हंडा. तो सुगेंगला जाऊ नये, इतर कोणालाही जाऊ नये. आज सकाळी तांबटाला बोलावून मी त्याच्या बुडाला भोक पाडून घेतले. तांबट म्हणाला, “बू, चांगला हंडा आहे, हात धजत नाही.” मी म्हणाले, “माझा धजतो, दे हातोडा.” आता त्यात माती भरून जाई लावावी. दाराशी ठेवावी, वासाने खोली सापडते.

कलम ९. माझा देह. कफन पांढरे, जसे असते तसे. पण जनाजा उचलेपर्यंत अंगावर जे बाटिक पांघरतात, ते माझे पहिले कापड असावे, लाल, गुळगुळीत, इस्त्री केलेले. नेमने ते एकोणसाठ वर्षे पेटीत जपले आहे. ते उकळले मी, म्हणून माझ्याच अंगावर घालावे.

कलम १०. परिशिष्ट. हे मृत्युपत्र नोटरीच्या कचेरीत वाचून दाखवताना कारकून म्हणाला, “बू, तुमच्या भगिनींना साक्षीदार करता येणार नाही. एक तर त्यांना यातून मिळतंय. आणि त्यांना वाचता कुठं येतंय?”

पहिल्या कारणाला माझी हरकत नाही, म्हणून कायद्याला लागतात ते दोन साक्षीदार खाली वेगळे आहेत. दुसऱ्या कारणाचे उत्तर मी तयार ठेवले होते. कलम २ मधले मुख्य वाक्य मी एका हातभर कापडावर नव्या मेणाने, ठिपक्यांच्या लिपीत, मोठे करून काढून आणले होते. ते मी नेमच्या मांडीवर पसरले. तिने खणखणीत आवाजात वाचले: माझी सोळा कापडे उकळायची नाहीत. कारकून कागदाशी ताडून पाहत राहिला. एक अक्षर चुकले नाही.

मग तिची बोटे खाली सरकली. अक्षरांच्या खाली मी आणखी एक गोष्ट काढली होती, ती तिला सांगितली नव्हती. बोटे एका लाटेवर आली, थांबली, मानेवरून चढली, चोचीपाशी गेली. माझे हृदय असे धडधडत होते की सेमारांगला जायची गरज उरते की नाही असे वाटले.

“यू,” ती म्हणाली. “आला पक्षी.”

मी रडले. ते इथे नोंदवायला मला लाज वाटत नाही.

नेम मात्र शेपटीपर्यंत गेली आणि हसायला लागली. “अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालीस, तरी तिसरं पीस विसरलीसच!”

“विसरले नाही,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी ठेवलंय.”

मेणाची कढई मी पिशवीतून आणली होती, स्पिरिटची छोटी शेगडीही. कारकुनाने कागदपत्रांजवळ आग नको म्हणून बरेच सांगितले, पण शेवटी कापडाचे टोक त्यानेच धरले. नेमने डावा तळहात कापडामागे धरला आणि तिसरे पीस एका दमात काढले. हे कापड पारिनेमचे.

वरील सर्व मी वाचले, समजले, आणि गुरुवारची तयारी बाकी असल्यामुळे इथेच थांबवते.

लासेम, सोमवार, आमच्या जावी पाच वारांतला लेगी, १२ मार्च २०१८.

लिहून ठेवणार: मिंतार्सिह (सही)

साक्षीदार:
१. विर्योनो, रंगारी, शेजारी (सही)
२. मुलजोनो, निवृत्त टपाल कर्मचारी (सही)

कायद्याला नको असलेली, पण मला हवी असलेली तिसरी साक्षीदार: पारिनेम. सही परिशिष्टाच्या कापडावर, शेपटीतले तिसरे पीस. हात लावून पाहावे.