पातळ रक्त, ठिसूळ हाडं

गडचिरोली,
१७ नोव्हेंबर २००३

प्रिय नंदिनी,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. डावा हात प्लास्टरमध्ये आहे आणि उजवा अजून माझं नीट ऐकत नाही. नागपूरच्या वॉर्डात आपल्या खाटा शेजारी होत्या, आठवतं? दोघींच्या हृदयात धातूची झडप बसवलेली, आणि आपण एकमेकींच्या छातीला कान लावून तिची टिकटिक ऐकायचो. रक्त पातळ ठेवायची गोळी तेव्हापासून जन्माची मागे लागली.

माझ्या मनगटाचं तू ऐकलंच आहेस. माझ्या बालवाडीत पोरांना आत घेताना पायरीवरून घसरले, एवढंच. पोरं रोज तिथेच पडतात आणि उठून पळतात. डॉक्टरांनी हाडं तपासायला लावली आणि म्हणाले, तिशीतच साठीच्या बाईची हाडं झालीत तुझी. गोळीमुळे का, म्हणून विचारलं. म्हणाले, इतकी वर्षं घेतल्यावर तसं होऊ शकतं, पण खात्रीनं कोणी सांगू शकत नाही; शिवाय तू दूध घेत नाहीस, उन्हात जात नाहीस, पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो या धास्तीनं तरोट्याची भाजीसुद्धा सोडलीस.

त्यातलं ‘होऊ शकतं’ एवढंच मी घरी आणलं. माझा धाकटा भाऊ जाहिद भडकलाच. “आपा, ये गोली ही तुझे खा रही है,” म्हणाला आणि पाकीट चुलीत टाकलं. मी अडवलं नाही. उलट बरं वाटलं गं. गोळीमुळे अंगावर निळे डाग पडायचे, ते थांबले, तेव्हा तर वाटलं, सुटले.

मग दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी चहा ओतताना कप हातातून सुटला. जाहिदला हाक मारायला गेले तर नाव येईना. डोक्यात होतं, जिभेवर येत नव्हतं. माझं वाकडं झालेलं तोंड पाहून तो किंचाळला. जीपमध्ये नागपूरपर्यंत माझा हात धरून एकच म्हणत होता, “आपा, मेरा नाम बोल. एक बार बोल.” मला सगळं ऐकू येत होतं. झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती, तिचा कण मेंदूत गेला होता. त्याचं नाव परत आलं ते दवाखान्यात, तेही तुटक. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

आता गोळी पुन्हा सुरू आहे. सोबत कॅल्शियम, कोवळं ऊन, चालणं. पालेभाजीही खाते, फक्त रोज सारख्याच मापानं. आज ढीगभर, उद्या काहीच नाही, असं नाही. हाडांवर इलाज करता येतो, नंदिनी. त्या कणानं मला संधी दिली; दुसरा देईलच असं नाही.

काल तुझ्या आईचा, अंजनाबाईंचा, मुलचेऱ्याहून फोन आला. रडत होत्या. “बाई, नंदिनीनं गोळ्या बंद केल्या. रुखसारसारखी हाडं नाई मोडून घ्यायची मले, म्हन्ते. माहं ऐकूनच नाई राह्यली.” तुला बोलवलं, तू फोनवर आली नाहीस. टपालाची वाट पाहायची माझी हिंमत नाही, म्हणून जाहिदच्या हाती हे पाठवतेय. गोळी आपल्या मनानं सुरूही करू नकोस. आधी रक्त तपासू, डॉक्टर सांगतील तेवढी घे. भांडायचं असेल तर इथे येऊन माझ्याशी भांड. जीप तुझ्या दारात उभी आहे. चपला घाल आणि निघ.

वाट पाहणारी, तुझीच
रुखसार