मुंग्यांचं पीठ

प्रिय अहो,

इतक्या वर्षांत तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. घर आणि दुकान यांच्यात एकच भिंत, पत्र लागतं कशाला? पण आज एक गोष्ट कळली आहे आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय ती मला पचणार नाही. भांडायला समोर कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

पिठाबद्दल विचारायचं आहे.

आठवतं ना, डब्यातलं ज्वारीचं पीठ कमी व्हायचं. मी चक्कीवरून दळून आणायची आणि बघता बघता कटोराभर गायब. आधी उंदरांवर संशय घेतला, मग चक्कीवाल्यावर. शेवटी एकदा तुमच्या सदऱ्याच्या बाहीलाच पीठ दिसलं आणि मी विचारलं, "काऊन वो, पीठ तुमी नेता का?"

तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "दुकानामांगच्या मुंग्याईले टाकतो."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. केवढ्या खूश झाल्या त्या! "माह्या लेकाले मुक्या जिवाची कीव हाय," हे त्या दिवशी त्यांनी दारात येईल त्याला सांगितलं. मलाही बरं वाटलं होतं. दिवसभर गाड्यांच्या चाकांत डोकं घालून बसणारा माणूस मुंग्यांची आठवण ठेवतो, याचं कौतुक वाटायचं.

आणि चहाचं काय? आपल्या जाम गावच्या चौकातून जाणाऱ्या गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाकं तुमच्याकडे यायची ती पार मेलेली असायची, उन्हानं, चिखलानं, ब्रेकच्या काळ्या भुकटीनं. आधी जुनं वार्निश काढायचं. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. घासायला मी जोडीला असायचीच, माझी बोटं साक्ष देतील. मग मशीनवर गरगर फिरणारा कापडी बफ आणि त्याला लावायची पॉलिशची वडी. इथवरचं सगळं मला येतं. आणि नेमकं इथेच दर वेळी तुम्ही म्हणायचात, "तू जाय, चहा मांड. मी शेवटचा हात मारतो."

मी कप घेऊन यायची तोवर चाकाचा आरसा झालेला असायचा आणि तुम्ही त्यात बघून मिशा सारख्या करत बसलेले असायचात. शेवटचा हात म्हणजे काय, हे मी किती वेळा विचारलं असेल? "हाताचीच गोष्ट हाय," एवढंच उत्तर. मला वाटायचं, आरशात पहिलं तोंड स्वतःचं दिसावं एवढीच तुमची हौस असेल.

मग माघात तुम्ही गेलात. समुद्रपूरच्या शेठची जुनी गाडी दुकानात उभी होती, त्यांच्या वडिलांची. तीन चाकं झाली होती आणि चौथं तसंच मेलेलं. असं कोणी जातं का?

तुमच्या भावाचं सांगते. विलासभाऊजी वाईट बोलले नाहीत, काळजीनंच बोलले. "वहिनी, हे बाईमानसाचं काम नाई. मोबाईलवाला गाळा मांगून राह्यला, देऊन टाका." मी म्हटलं, "शेठचं चौथं चाक होऊ द्या. नाई जमलं त लावा कुलूप."

बोलून तर बसले. हे दुकान दुसऱ्याच्या हातात जाऊन तुमच्या मशीनच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली मला बघवणार नव्हती. म्हणून चाक घासलं, बफ मारला. चाक चकाकलंही. पण वर एक धुरकट थर राहायचा. कापडानं पुसलं, रॉकेल लावून बघितलं, पुसावं तितकं काळं पसरायचं. तुमच्या तीन चाकांत आभाळ दिसायचं आणि माझ्या चाकात धूर. भाऊजी काल बघून गेले. "दादासारकं नाई झालं, वहिनी. धुरकट दिसून राह्यलं. उद्या शेठ येतीन, त्या मोबाईलवाल्यालेई बलावतो मी."

तुम्ही गेल्यापासून सकाळी तुमच्या नावानं दारातल्या मुंग्यांना पीठ घालते. आज वाटलं, उद्याचं कोणी पाहिलंय, दुकान आहे तोवर तुम्ही घालायचात तिथेच एकदा घालावं. वाटी घेऊन दुकानामागे गेले. वारूळ कुठेच नाही. रस्ता मोठा झाला तेव्हापासून, म्हणजे कितीतरी वर्षं, तिथे सगळं सिमेंट. एक मुंगी दिसेना. मग हा माणूस पीठ घालत होता कुणाला?

अशी एखादी गोष्ट कळेनाशी झाली की मला चैन पडत नाही, तुम्हाला माहीत आहे. दुकानात शिरले आणि सगळं उलथंपालथं केलं. मशीनच्या मागे खिळ्याला तुमच्या जुन्या धोतराची पुरचुंडी टांगलेली होती. ती मी रोज बघायची, पण खडूची भुकटी असेल म्हणून कधी हात लावला नव्हता. आज सोडली. आत वर पांढरं पीठ, खाली काळे गोळे. हुंगून पाहिलं. ज्वारीचा वास आणि पॉलिशचा.

मुंग्यांसाठी आणलेली वाटी चौथ्या चाकावर रिकामी केली आणि त्या धोतराच्या तुकड्यानं हलक्या हातानं फिरवत गेले. पीठ काळं पडत गेलं आणि खालचं चाक उजळत गेलं. सगळा तेलकटपणा पिठानं ओढून घेतला. अर्ध्यावर होते तेवढ्यात दारातून भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, काय करून राह्यल्या?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "भाऊजी, तुमी जरा चहा मांडा. मी शेवटचा हात मारते."

गेले बिचारे चहा मांडायला. मी चाक पुसलं. त्यात तोंड दिसलं ते माझं होतं. इतकी वर्षं त्या आरशात मी तुमच्याच खांद्यावरून डोकावायची. आज खांदा नव्हता. मग मात्र मी पोटभर रडले.

शेठ आले, गाडीभोवती फिरले. "यातलं कोनतं चाक भाऊनं केलं अन् कोनतं तुमी?" मी म्हटलं, "तुमीच सांगा." ते प्रत्येक चाकापुढे वाकले, पुन्हा फिरले, आणि शेवटी हसले. भाऊजींनी एका हातात चहाचा कप धरूनच मोबाईलवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

आता भांडण. खोटं काऊन बोललात? सासूबाईंची भीती समजते. भाताचं शीत सांडलं तरी त्या उचलून कपाळाला लावायच्या. घरातलं अन्न चाकाला चोळतोय, आणि ते चाक उद्या शेणामातीतून फिरणार, हे कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला घरात घेतलं नसतं. पण त्यांना जाऊन किती वर्षं झाली! मला तर सांगायचं होतं. की मीही रागावले असते?

खरं सांगते, रागावले असते. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डब्यातून काढून दिलं असतं. तेवढी तुमची खात्री नव्हती का हो?

अजून एक राहिलंच. हे तुम्हाला सुचलं कसं? भाकरीच्या पिठाचा हात कधी चुकून चाकाला लागला, की कोण्या ट्रकवाल्यानं सांगितलं? हे आता कोणाला विचारू? जन्मभर डोक्यात राहील.

दुकान मी चालवणार आहे. पीठ आता लपवून नाही, उघड नेईन. पण दर वेळी, चाकावर टाकण्याआधी, दारातल्या मुंग्यांना एक चिमूट घालीन. आईसमोर बोललेला तुमचा शब्द मी खोटा राहू देणार नाही.

तुमची,
कुसुम